रिकाम्या किटलीचे चाळीस दिवस

५ मार्च, राखेचा बुधवार

शाळेतून निवृत्त झाले तेव्हा एक कोरी हजेरीवही माझ्या पिशवीतून घरी आली. ढापली म्हणायलाही हरकत नाही. सहा वर्षं झाली, आता कोण विचारतंय? तिच्यात आजपासून लिहिणार आहे.

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा कागद पुढे ठेवला. गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी कमी काम करतेय. टीएसएच चार-साडेचारच्या आत हवं, माझं चौदा. दोन वर्षं माझं काय चाललं होतं ते त्यांनी मी न सांगताच सांगितलं. सकाळी उठताना अंगात शिसं ओतल्यासारखं होणं. तोंडावर सूज. कंगव्यात केसांचे पुंजके. लोक पंखे लावतात तेव्हा मला स्वेटर. आवाज जाड झालेला. आणि बसल्या जागी झोप. गेल्या महिन्यात पाळकसाहेबांचा उपदेश चालू असताना मी घोरले असं आमचे हे म्हणतात. मी घोरले नाही, पण झोपले होते.

मी म्हटलं, "मला वाटलं मी आळशी झाले." त्या म्हणाल्या, "आळशी तुमची ग्रंथी झालीय हेलनबाई, तुम्ही नाही." मला तिथेच रडू आलं. कुणीतरी निर्दोष सोडलं की कसं बरं वाटतं.

रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, आणि रोज तीस मिनिटं चालायचं. घरकामात चालणं होतंच की, असं मी म्हणून पाहिलं. तर म्हणाल्या, "घरकाम ते घरकाम. हात मोकळे, मान वर, थोडा दम लागेल पण बोलता येईल, असं चालायचं."

आजपासून ईस्टरपर्यंत उपवासकाळ. लोक मटण सोडतात. हे दरवर्षी तंबाखू सोडतात आणि ईस्टरच्या दुपारी पुन्हा धरतात. मी यंदा खुर्ची सोडली.

६ मार्च

पहिला दिवस, आणि पहिलीच फजिती. सहा वाजता चपला घालून पाटाच्या रस्त्याला लागले. पाटाच्या पुलापर्यंत जाऊन यायचं, बस्स. शंभर पावलांत तिघांनी विचारलं, "बाई, कुठं निघालात?" चौथी भीमाबाई. मागच्या गल्लीत राहतात, दोन एकर ऊस, जिभेला हाड नाही.

"अशा मोकळ्या हातानं कुटं निगालात? बाई मोकळी चालताना दिसली का लोकांना वाटतं घरी भांडान झालं."

मी डॉक्टरांचं सांगितलं. त्या हसल्या. "मला बी थायराट हाय. चार वर्सं झाली. मी रोज चालती. पन हातात इळा असतो बगा, म्हंजी गवताला चालले. तुमी किटली धरा."

म्हणजे आमच्या कोल्हारात बाईने चालायचं तर काहीतरी आणायला चालायचं. स्वतःसाठी चालली तर चौकशी. उद्यापासून दुधाची किटली. रिकामी.

११ मार्च

किटलीचा गुण आला, कुणी विचारत नाही. उसाच्या ट्रॅक्टरवाले सुद्धा बाजू देतात. शनिवारी मुलगा, सॅम्युएल, नागापूरहून आला तेव्हा त्याने पावलं मोजणारं घड्याळ दिलं. एमआयडीसीतल्या पोरांकडे सगळ्यांकडे आहे म्हणे. आज ५,१००. हजेरीत रोज स्वतःच्या नावापुढे आकडा लिहिते. विद्यार्थिनी हुशार आहे.

सून सुकन्या मात्र मी फिरून आले तरी नुकतीच उठून बसलेली. शिसं ओतल्यासारखी उठते ती पोरगी. सव्वीस वर्षांची आहे. या वयात मी तीन मैल चालून शाळेत जायचे.

१६ मार्च, रविवार

काल डॉक्टरीणबाईंनी झाडलं. मी गोळी चहाबरोबर घेत होते, नुसती घशाखाली उतरत नाही म्हणून. म्हणाल्या, चहाबरोबर घेतली तर नीट लागू पडत नाही. नुसत्या पाण्याबरोबर घ्या, नंतर अर्धा-पाऊण तास काही नाही.

हे मी रात्री जेवताना सांगितलं. आज सकाळी पाहते तर उशाशी स्टुलावर पाण्याचा पेला, वर बशी झाकलेली, बाजूला गोळ्यांची पट्टी. सुकन्याने ठेवलेला. एवढं एक काम तिला सुचलं.

चर्चमध्ये गायनाला उभी राहत नाही ती. राहात्याच्या चर्चमध्ये तिचं गाणं ऐकूनच मी तिला सून करून आणली होती. लग्नानंतर वर्षभर गायली. आता म्हणते, "आई, घसा बसलाय." दीड वर्षं कुणाचा घसा बसतो? भाव खाते, दुसरं काय.

२२ मार्च

आज दम कमी लागला. पुलावर दोन मिनिटं उभी राहून पाणी पाहिलं. भीमाबाईंना विचारलं, चार वर्षं चालताय, कंटाळा येत नाही? म्हणाल्या, "दिवसातलं येवडंच चालनं माझं सोताचं हाय. बाकी समदं चालनं दुसऱ्याचं." बाई अंगठेबहाद्दर, पण बोलते असं की फळ्यावर लिहून ठेवावं.

मग म्हणाल्या, "तुमची सून लई सुजल्यावानी दिसती, बाई."

मी म्हटलं, खाऊन-झोपून अंग सुटलंय. त्यांनी इळा दुसऱ्या हातात घेतला.

२५ मार्च

सुकन्या विचारत होती, "आई, त्या गोळीनं केस गळायचे थांबतात का?" मी म्हटलं, माझे उरलेत किती, त्यांची काळजी तू नको करू. बरं म्हणाली आणि न्हाणीची जाळी साफ करायला गेली. ही जाळी आठवड्यातून तीनदा तुंबते. लांब केस मोकळे सोडायची हौस.

३० मार्च, रविवार

पाडवा म्हणून भीमाबाईंनी पुरणपोळ्या दिल्या. दोन खाल्ल्या, उपवासकाळाला गालबोट. संध्याकाळी पुलापर्यंत पुन्हा एक फेरी मारून फेडल्या.

गच्चीवर कुरडया चालू आहेत. ऊन असं की पत्रा चटके देतोय आणि सुकन्या अंगात स्वेटर घालून बसलेली. हे हसले. मीही हसले.

६ एप्रिल, रविवार

आज ठरवलं ते ठरवलं. सकाळी दूध उतू जाऊन करपलं, या महिन्यात तिसऱ्यांदा. सुकन्या चुलीपुढे उभी, आणि डोळे मिटलेले. उभ्याउभ्या झोप. चर्चमधून आल्यावर मी सॅम्युएलला बसवून सांगितलं. तिला काही महिने माहेरी राहू दे. तिच्या आईकडे कामाचं वळण लागेल. तीन वर्षं झाली, घरात पाळणा नाही, बायका मला तोंडावर विचारतात. शरीराला हालचाल नाही तर मूल कसं राहील? मी चौसष्टाव्या वर्षी रोज चालते, हिला गेटाबाहेर पाऊल टाकायला नको.

सॅम्युएल मोबाईलमध्ये बघत म्हणाला, "तू म्हणशील तसं." हे म्हणाले, जरा थांबू या. यांचं सगळ्याच बाबतीत जरा थांबू या असतं.

मी लगेच राहात्याला तिच्या वडिलांना, सायमनरावांना, फोन लावला. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी येऊन मुलीला घेऊन जातो म्हणाले. कारण त्यांनी विचारलं नाही, फक्त दोनदा "बरं" म्हणाले.

सुकन्या आत भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज मध्येच थांबला. पीठ संपलं असेल.

१० एप्रिल, गुरुवार

पेन्शनच्या कामाला नगरला जाऊन आले. सकाळी अंघोळीच्या वेळी घड्याळ कुठे ठेवावं कळेना. बाजेवर ठेवलं तर हे त्यावर बसणार, चष्म्यावर दोनदा बसलेत. म्हणून सुकन्याच्या मनगटावर अडकवलं, आणि गाडीच्या घाईत तसंच राहिलं. संध्याकाळी आठवण झाली, तिच्या हातातून काढून पाहिलं तर आकडा १६,२१२.

घड्याळ बिघडलं. गॅरंटीत असेल तर बदलून आण म्हणून सॅम्युएलला सांगायचं.

११ एप्रिल

बिघडलं का ते तपासायला आज पुन्हा तिच्याच हातात दिलं. "चार्जिंग किती टिकतं बघायचंय," म्हटलं. आणि मी खुर्ची टाकून ओट्यावर बसले. उपवासकाळात सोडलेली खुर्ची.

मोटार जळाल्यापासून पाणी चौकातल्या नळावरून येतं. सुकन्याने आज अकरा खेपा केल्या. आमच्या ह्यांचा चहा सात वेळा. चहाबरोबर बिस्कीट हवं म्हणून एक फेरी, चष्मा सापडत नाही म्हणून एक, पेपर वाऱ्याने उडाला म्हणून एक. कुरडया गच्चीवर नेणं, उलटणं, पाखरं हाकायला जाणं, खाली आणणं. धुणं. दळण. माझ्या खोलीतला पेला नेणं. मी पाणी मागितलं ते दोन वेळा, तेसुद्धा मोजले.

जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ती दर खेपेला थांबते, भिंतीला हात लावते, डोळे मिटते, मग चढते. याला मी आजवर रेंगाळणं म्हणत आले.

संध्याकाळी १५,३४०. गेटाबाहेर पाऊल फक्त नळापुरतं. घड्याळ बिघडलेलं नाही.

१२ एप्रिल, शनिवार

हे कसं लिहू? तरी लिहिते.

काल झोपताना ही हजेरी चाळली. पस्तीस वर्षं पेपर तपासले आहेत. दोन वह्यांत तीच चूक, त्याच शब्दांत दिसली की मास्तरणीची पेन्सिल आपोआप थांबते. पहिल्या पानावर माझं लिहिलंय, अंगात शिसं ओतल्यासारखं. पुढे सुकन्याचं, शिसं ओतल्यासारखी उठते. माझ्या केसांचे पुंजके, तिची तुंबलेली जाळी. माझा स्वेटर, तिचा स्वेटर. माझा जाड आवाज, तिचा बसलेला घसा. सूज. झोप. सगळं माझ्याच अक्षरात. मला त्याचा आजार झाला आणि तिला त्याच सगळ्याचा आळस.

भीमाबाईंना दिसलं होतं. त्या पोरीने स्वतः केसांचं विचारलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो मी पस्तीस वर्षं मुलांना समजावून सांगितला. लाज वाटतेय. दुसरा शब्द नाही.

सकाळी मी फिरायला गेले नाही. सुकन्याला म्हटलं, साडी बदल, बाहेर जायचंय. ती चांगली साडी नेसून, पदर सावरून आली आणि हळूच विचारलं, "बाबा आजच आलेत का न्यायला?"

तिला माहीत होतं. पीठ संपलं नव्हतं.

"दवाखान्यात जायचंय," एवढंच मला म्हणता आलं.

१५ एप्रिल

रिपोर्ट आला. माझं चौदा होतं. तिचं बावन्न.

डॉक्टरीणबाई कागदाकडे बघत मला म्हणाल्या, "हिला इतके दिवस उभी कशी ठेवलीत?" मूल न राहण्याचं हे एक कारण असू शकतं, आधी हे जागेवर येऊ द्या, सहा आठवड्यांनी पुन्हा तपासू, म्हणाल्या. गोळी सुरू केली. चालण्याचं मी विचारलं. म्हणाल्या, "ही आधीच चालून दमलीय. आधी विश्रांती. अंगात जरा बळ आलं की दहा मिनिटांपासून, मोकळ्या हातांनी."

परत येताना रिक्षात सुकन्या गोळ्यांची पट्टी हातात उलटसुलट करत होती. "आई, म्हणजे मी आळशी नाही ना?" मी नाही म्हटलं. तेवढ्याने काय होणार होतं?

१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार

तीन तासांची उपासना. सगळ्यांनी मान खाली घालून पापं कबूल केली. मी पाळकसाहेबांच्या मागून मोठ्याने म्हटली. ज्या एका व्यक्तीपुढे म्हणायची ती माझ्या शेजारीच बसली होती.

सायमनरावांना फोन करून येऊ नका म्हणायला हवं होतं. समोरासमोर सांगावं म्हणून टाळलं. खरं कारण, भीती.

२१ एप्रिल, सोमवार

काल ईस्टरची प्रभातफेरी झाली. सुकन्या चौकापर्यंत आली आणि चर्चच्या पायरीवर बसून राहिली. माझे चाळीस दिवस संपले, पण हजेरीत आकडा लिहावासा वाटला नाही.

आज दहाला सायमनराव आले. सलाम केला, पाणी घेतलं, चहा नको म्हणाले. मी सगळं सांगितलं. ह्यांच्यासमोर, सॅम्युएलसमोर. मुलगी आजारी होती, मी तिला कामचुकार म्हटलं, चूक तिची नाही, माझी आहे, तिला नेऊ नका. सायमनराव टोपी गुडघ्यावर फिरवत म्हणाले, "बाई, मी काय बोलनार? पोरीला इचारा."

सुकन्या आतून आली ती बॅग घेऊन.

"आई, मी जाते," ती म्हणाली. आवाज तसाच जाड. "तुम्ही फोन केला त्याच दिवशी बॅग भरली होती. आता ती पुन्हा उपसायची ताकद नाही अंगात."

सॅम्युएल उठला, पुन्हा बसला. मी घड्याळ तिच्या हातात द्यायला लागले तर तिने माझी मूठ मिटली. "राहू द्या. माझी पावलं मला माहीत आहेत."

जीपपर्यंत मी गेले. ती चिडलेली नव्हती, याचाच जास्त त्रास झाला.

२६ एप्रिल

१७,०८०. पाणी, चहा, धुणं, जिना. फिरायला जायला वेळच झाला नाही. भीमाबाई गेटापाशी थांबून निघून गेल्या. समदं चालनं दुसऱ्याचं, म्हणाल्या होत्या.

आज तिसऱ्या पायरीवर मी थांबले. जिथे भिंतीला हात लावला तिथे आधीच तेलकट डाग आहे, हाताएवढा.

२९ एप्रिल

ह्यांना सांगितलं की आजपासून चहा स्वतःचा स्वतः, आणि नळाच्या सहा खेपा तुमच्या. साखर कारखान्यात तीस वर्षं बसून कारकुनी केली, आता थोडं उभं राहा. हे जरा थांबू या म्हणाले नाहीत. हंडा उचलला. मोटार दुरुस्तीला सॅम्युएलने माणूस पाठवलाय.

सॅम्युएलला फोनवर म्हटलं, मी म्हणेन तसं तू वागलास, ते पुन्हा करू नकोस. मग म्हणाला, "दर बुधवारी राहात्याला जातोय मी, आई. तुला सांगितलं नव्हतं."

९ मे

ती गेली त्या रात्री पहिल्यांदा स्टुलावर पेला नव्हता. मी उठून भरून ठेवला. मग काय वाटलं कोण जाणे, दुसरा पेला भरून तिच्या खोलीतल्या फळीवर ठेवला, वर बशी. तेव्हापासून रोज ठेवते. सकाळी ते पाणी मोगऱ्याच्या कुंडीत ओतते. हे बघत असतात.

राहात्याला फोन केला होता. तिच्या आईने उचलला, म्हणाल्या, "पंधरा मिन्टं चालती आता. बरं हाय." मी सुकन्याला फोनवर बोलवा म्हटलं नाही. ये असंही म्हटलं नाही. ते म्हणायचा अधिकार मी सहा एप्रिलला घालवला.

१८ मे, रविवार

सॅम्युएल काल शनिवार असून वेळेवर आला नाही. उशीर होईल, जेवून झोपा, असा फोन. आम्ही दोन्ही पेले भरून, कडी न लावता झोपलो.

पहाटे माझी गोळी घेतली आणि नेहमीप्रमाणे दुसरा पेला आणायला गेले. सॅम्युएल भिंतीकडे तोंड करून घोरत होता. मोगऱ्याला घालायला पेला उचलला तर रिकामा. बशी बाजूला काढून ठेवलेली, तिच्यात गोळीचा फोडलेला चंदेरी कागद.

मी पेला हातात धरून तशीच उभी राहिले. बाहेर ओट्यावर कुणीतरी चपला घालत होतं, आणि घालता घालता ईस्टरच्या गाण्याची एक ओळ गुणगुणत होतं. वरच्या सुराला आवाज फाटला, थांबला, पुन्हा खालून सुरू झाला.

"आई," ती आत न बघताच म्हणाली, "गोळी घेऊन पाऊण तास व्हायचाय. तोवर चालून येऊ या. मला पुलापर्यंत नाही जमणार."

"जमेल तिथून फिरू," मी म्हटलं.

गल्लीच्या तोंडाशी भीमाबाई होत्या. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, आमच्या हातांकडे पाहिलं. किटली घरी खुंटीला राहिली होती.